भाताच्या पोथीतले प्रक्षेप

मी मराठीचा प्राध्यापक. भाताशी माझा संबंध ताटापुरताच. जुन्या पोथ्यांशी मात्र रोजचा. पोथीची नक्कल उतरवताना एखादा लेखनिक आपली ओवी मध्येच घुसवी. असे प्रक्षेप काढून नाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली, हे वाचक जाणतातच. पण वनस्पतींच्या पेशींतही अशी एक पोथी असते आणि तिच्यातले काही प्रक्षेप चक्क जागा बदलतात, हे वाचून मी थक्क झालो!

ही गोष्ट प्रथम हेरली ती बार्बरा मॅक्लिंटॉक या अमेरिकन विदुषीने. मक्याच्या दाण्यांवर रंगीत ठिपके का उमटतात, हा तिचा प्रश्न. एक फिरता तुकडा रंगाच्या जनुकात जाऊन बसला की रंग बंद. तो उठून गेला की तेथून पुढे रंग पुन्हा सुरू. 1951 मध्ये तिने हे विद्वानांपुढे मांडले, तेव्हा ते फारसे कुणाला पटले नाही. नोबेल पारितोषिक मिळाले 1983 मध्ये. बाई तेव्हा 81 वर्षांच्या होत्या.

पेशी सारी पोथी एकदम वाचीत नाही. हव्या त्या जनुकाची तेवढी नक्कल उतरवते आणि त्या नकलेबरहुकूम काम चालते. जनुकाच्या दाराशी फिरता तुकडा येऊन बसला, तर कधी ही नक्कल थांबते, तर कधी नव्याच निमित्ताने सुरू होते.

आता पेण तालुक्यातल्या डोलवीकडे वळू. या गावाला पोलादाच्या कारखान्याने ओळख दिली. पण हा मुलूख मूळचा खाडीकाठच्या खारेपाटाचा, भातशेतीचा. उधाणाने बांधाला खांड पडली की खारे पाणी शेतात शिरते आणि वर्षाचे पीक जाते. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने संकर करून खारटपणा सोसणाऱ्या ‘पनवेल’ जाती दिल्या, त्या याच दुखण्यावर.

जपानच्या ‘गिंबोझु’ भातात ‘एमपिंग’ नावाचा अवघ्या 430 अक्षरांचा एक फिरता तुकडा आहे. 2009 मध्ये जपानी व अमेरिकन शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की तो शेजारी येऊन बसला म्हणजे काही जनुकांची नक्कल थंडी वा मीठ बाधताच जोमाने होऊ लागते. जनुकाला मिठाची चाहूल लागते, ती या आगंतुकामुळे! एवढ्यावरून तो भात खारे पाणी पचवील असे नव्हे; परंतु खारेपाटासाठी नवी जात शोधणाऱ्याला हे तुकडे दुर्लक्षून चालणार नाही.

प्रक्षेप दिसला की तांबडी शाई उचलावी, ही आम्हा मास्तरांची सवय. भाताच्या पोथीपुढे मात्र ती शाई जरा आवरावी, हे बरे.