पडताना फोन ‘शून्य’ का दाखवतो? आणि दोन सिद्धांत एकच कधी मानायचे?

मेढ्यात घरबसल्या होईल असा प्रयोग. फायफॉक्स हे फुकट ॲप घ्या आणि ॲक्सेलरोमीटर गुरुत्वासकट चालू करा. टेबलावर ठेवलेला फोन साधारण ९.८ दाखवेल. आता तो हातभर उंचीवरून गादीवर सोडा (फरशीवर नको, स्क्रीनचे पैसे आम्ही देणार नाही!). पडताना आकडा जवळपास शून्य होतो.

न्यूटन म्हणेल, पृथ्वी फोनला ओढतेच आहे. पण सेन्सरमधला बारीक तुकडा आणि त्याची चौकट बरोबरीने पडतात, म्हणून सेन्सरला ते कळत नाही. फ्रेंच गणिती एली कार्तां यांनी १९२३ च्या सुमारास हेच गणित वेगळं मांडलं: ओढणारं बल नाहीच, अवकाश-काळ वक्र आहे. पडणारा फोन मोकळा आहे. टेबलावरच्या फोनला टेबल वर ढकलतंय, ते ९.८.

वेण्णेचं पाणी असो की उपग्रह, दोघांची उत्तरं तंतोतंत एकच. मग सिद्धांतही एकच?

इथे गंमत आहे. समजा मेढ्यासकट सगळं विश्व एकाच दिशेने, एकाच त्वरणाने पडू लागलं. कुणालाच काही कळणार नाही, हे न्यूटनलाही माहीत होतं. तरी त्याच्या चौकटीत ‘पडणारं विश्व’ आणि ‘न पडणारं विश्व’ या दोन वेगळ्या गोष्टी. कार्तांकडे ती एकच. म्हणजे न्यूटनकडे एक फरक जास्तीचा आहे, जो कधीच मोजता येत नाही. तो फरक खोटा मानलात तर दोन्ही सिद्धांत एकच. खरा मानलात तर दोन. मला तो खोटाच वाटतो.

असाच पेच आपल्या कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांच्या कामात आहे. १९६४ मध्ये त्यांनी फ्रेड हॉईल यांच्यासोबत मांडलेल्या सिद्धांतात प्रत्येक कणाचं वस्तुमान विश्वातल्या बाकीच्या कणांमुळे ठरतं. कण भरपूर असले की त्यातून आइन्स्टाइनचीच समीकरणं निघतात. पण रिकाम्या विश्वात एकटाच कण ठेवा: आइन्स्टाइनकडे त्याला वस्तुमान असू शकतं, हॉईल-नारळीकरांकडे नाही. इथला फरक ‘जास्तीचा’ म्हणून खोडता येत नाही, कारण वस्तुमान येतं कुठून हाच तर त्यांचा प्रश्न होता.