मैदान, वर्ग आणि ताळेबंद

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, कनेटिकटच्या सीमेलगत, डडली नावाचे लहानसे गाव आहे. तिथल्या टेकडीवर निकोल्स कॉलेज उभे आहे. विद्यार्थी त्याला नुसते ‘हिल’ म्हणतात. पदवीचे विद्यार्थी हजार-बाराशे, मुख्य शिक्षण व्यवसाय व्यवस्थापनाचे आणि मुलामुलींचा मोठा हिस्सा कोणत्या ना कोणत्या संघाचा खेळाडू, अशी या कॉलेजची ओळख आहे. संघांचे नाव ‘बायसन’, रंग हिरवा आणि काळा. न्यू इंग्लंड या अमेरिकेच्या ईशान्य भागात अशी छोटी खासगी महाविद्यालये बरीच आहेत. त्यांचे रोजचे जीवन समजून घ्यायला निकोल्स हे चांगले उदाहरण आहे.

अकादमी ते बिझनेस कॉलेज

अमासा निकोल्स या उद्योजकाने 1815 साली इथे अकादमी काढली. शेजारच्या वेब्स्टर परिसरात सॅम्युएल स्लेटरच्या कापडगिरण्या होत्या. नद्यांच्या पाण्यावर चालणाऱ्या गिरण्यांनी हा सगळा टापू औद्योगिक केला होता. पुढे या अकादमीचा विद्यार्थी हेझेकाया कोनंट सुताच्या धंद्यात श्रीमंत झाला आणि त्याने आपल्या जुन्या शाळेला इमारती बांधून दिल्या. उद्योग आणि शिक्षण यांची इथली सांगड अशी जुनी आहे.

1931 साली, महामंदीच्या ऐन काळात, अकादमीच्या जागी मुलांसाठी दोन वर्षांचे बिझनेस ज्युनियर कॉलेज सुरू झाले. दुसऱ्या महायुद्धात ते 1943 ते 1946 बंद होते. 1958 मध्ये चार वर्षांची पदवी देण्याचा अधिकार मिळाला आणि 1970च्या दशकाच्या सुरुवातीला मुलींना प्रवेश खुला झाला. अमेरिकेत आज एकंदर महाविद्यालयांत मुलींची संख्या मुलांपेक्षा जास्त असते. निकोल्समध्ये मात्र मुलेच अधिक आहेत. व्यवसायशिक्षण आणि अमेरिकन फुटबॉलसारखे मोठे संघ ही त्याची प्रमुख कारणे आहेत.

तिसरा विभाग

अमेरिकी महाविद्यालयीन खेळ म्हटले की लाखभर प्रेक्षकांची स्टेडियम आणि टीव्हीचे करार डोळ्यांसमोर येतात. ते चित्र पहिल्या विभागाचे. 1906 साली स्थापन झालेल्या एनसीएए या संघटनेने 1973 मध्ये आपल्या सभासद महाविद्यालयांचे तीन विभाग पाडले. निकोल्स तिसऱ्या विभागात खेळते. सभासद-संख्येने हाच विभाग सर्वांत मोठा असून त्यात चारशेहून अधिक संस्था आहेत.

या विभागाचा मूळ नियम एकच: खेळासाठी शिष्यवृत्ती द्यायची नाही. गुणवत्तेवर किंवा घरच्या आर्थिक स्थितीवर मदत मिळते, पण ती ठरवताना खेळातले कौशल्य विचारात घेता येत नाही. म्हणून इथला खेळाडू इतर विद्यार्थ्यांसारखाच फी भरतो, कर्ज काढतो आणि तरीही पहाटे उठून सरावाला जातो. व्यावसायिक खेळाडू होण्याची आशा जवळजवळ कुणालाच नसते. खेळाच्या ओढीनेच ही मुले मैदानात उतरतात, आणि या जीवनाचा सगळा मोठेपणा त्यात आहे.

ऋतूप्रमाणे बदलणारे वेळापत्रक

फुटबॉल, सॉकर, फील्ड हॉकी, व्हॉलीबॉल हे शरद ऋतूचे खेळ. त्यांचे खेळाडू ऑगस्टमध्ये, वर्ग सुरू होण्याआधीच वसतिगृहात येतात. नव्या विद्यार्थ्याला त्यामुळे पहिल्या तासाआधीच मित्र मिळालेले असतात. घरापासून प्रथमच दूर आलेल्या अठरा वर्षांच्या मुलाला हा आधार फार मोलाचा असतो. हिवाळ्यात बास्केटबॉल आणि आइस हॉकी, तर बर्फ वितळू लागले की बेसबॉल, सॉफ्टबॉल आणि लॅक्रॉस.

खेळाडूचा दिवस सूर्योदयाच्या सुमारास वजनांच्या खोलीत सुरू होतो. मग वर्ग, मेसमध्ये अख्ख्या संघाची लांब टेबलावर पंगत, दुपारनंतर सराव, त्यानंतर गुडघ्याला बर्फ लावत ट्रेनरच्या खोलीत काढलेला वेळ आणि रात्री अभ्यास. दूरच्या सामन्यांना बसने जायचे असते. परतीच्या अंधाऱ्या बसमध्ये कुणी झोपतो, कुणी मांडीवर लॅपटॉप ठेवून दुसऱ्या दिवशीचा ताळेबंद पुरा करतो. खेळण्यासाठी पूर्णवेळ विद्यार्थी असणे, म्हणजे सत्राला किमान 12 क्रेडिट घेणे आणि कॉलेजच्या निकषांनुसार प्रगती राखणे बंधनकारक असते. पदवी मात्र वेळेत हवी असेल, तर त्याहून अधिक क्रेडिट घ्यावी लागतात.

मैदानातले धडे वर्गात

लेखाकर्म, वित्त, विपणन यांच्या बरोबरीने क्रीडा व्यवस्थापन हाही इथे विषय आहे. सामन्याच्या दिवशी कॅम्पसवर पुष्कळ कामे असतात: धावफलक चालवणे, आकडेवारी नोंदवणे, थेट प्रक्षेपण करणे, तिकिटांची व्यवस्था पाहणे. छोट्या कॉलेजात ही कामे विद्यार्थ्यांकडे येतात आणि पुस्तकातला धडा हातात उतरतो. निकोल्समध्ये व्यावसायिक विकासाचा अभ्यासक्रमही आहे. त्यात बायोडेटा लिहिण्यापासून मुलाखतीपर्यंतची तयारी टप्प्याटप्प्याने करून घेतली जाते.

जुलै 2021 पासून खेळाडूंना स्वतःच्या नावाचा आणि प्रतिमेचा व्यावसायिक वापर करता येतो. तिसऱ्या विभागातल्या खेळाडूला यातून मोठी कमाई क्वचितच होते. पण करार वाचणे, अटी तपासणे, कर समजून घेणे या गोष्टी वाणिज्याच्या विद्यार्थ्याला स्वतःच्या व्यवहारातून शिकता येतात.

संघांवर उभा असलेला संसार

अशा कॉलेजांचा बहुतेक खर्च विद्यार्थ्यांच्या फीवर चालतो. त्यामुळे प्रशिक्षक एका अर्थी प्रवेश विभागाचाही माणूस असतो. फुटबॉल संघात शंभराच्या आसपास खेळाडू मावतात. एक नवा संघ म्हणजे फी भरणारी, वसतिगृहात राहणारी नवी मुले. शिष्यवृत्ती द्यावी लागत नसल्याने हा हिशेब जमतो. पण सगळीच छोटी कॉलेजे तग धरत नाहीत. मॅसॅच्युसेट्समध्ये माउंट आयडा कॉलेज 2018 मध्ये, न्यूबरी 2019 मध्ये आणि बेकर 2021 मध्ये बंद पडले. 2008च्या मंदीनंतर जन्मदर घसरला आणि ती कमी संख्येची पिढी आता महाविद्यालयाच्या वयात येत आहे. छोट्या कॉलेजांसाठी खेळ आता पोटापाण्याचा प्रश्न झाला आहे.

ओझेही आहे

या जीवनाची किंमतही मोजावी लागते. हंगामात झोप कमी पडते आणि अर्धवेळ नोकरी करणे कठीण होते. दुखापत झालेला खेळाडू नुसता मैदानाबाहेर जात नाही. त्याचा दिवसाचा क्रम, जेवणाची पंगत, ओळख, सगळेच एकदम सुटते. संघ हेच मित्रमंडळ झाल्यामुळे न खेळणाऱ्या मुलांना एकटे वाटू शकते. त्यांच्यासाठी विद्यार्थी मंडळे, व्याख्याने आणि सांस्कृतिक कार्यक्रम तितक्याच जोमाने चालणे आवश्यक ठरते. प्रशिक्षकाइतकाच समुपदेशकही इथे हवा असतो.

शेवटचा हंगाम

चार हंगाम खेळण्याची मुभा असते. चौथ्या वर्षीच्या घरच्या अखेरच्या सामन्याआधी निरोप घेणाऱ्या खेळाडूंना आईवडिलांसह मैदानाच्या मध्यभागी बोलावून त्यांची नावे पुकारतात. बहुतेकांच्या आयुष्यातला हा शेवटचा स्पर्धात्मक हंगाम असतो. मे महिन्यात पदवी घेऊन ही मुले बँका, विमा कंपन्या, लेखापरीक्षण संस्था आणि घरच्या धंद्यांत जातात. काही प्रशिक्षक म्हणून मैदानाकडे परततात. वेळ पाळणे, हरल्यानंतर दुसऱ्या दिवशी पुन्हा सरावाला हजर होणे आणि आपल्यापेक्षा वेगळ्या स्वभावाच्या माणसांसोबत एका ध्येयासाठी झटणे, ही शिदोरी मुले टेकडी उतरताना बरोबर नेतात.