मोहोळ फुटतं तेव्हा

आंब्याच्या फांदीला अचानक सातेरी मधमाश्यांचा घोस लटकलेला दिसला की सोसायटीत धावपळ उडते. माश्या चवताळल्या असं समजून कोणी बोळा पेटवतं, कोणी औषध फवारणाऱ्याला बोलावतं.

या माश्या हल्ला करायला आलेल्या नसतात. त्यांची वसाहत फुटलेली असते आणि त्या नवं घर शोधत असतात. निघताना त्यांनी पोटभर मध घेतलेला असतो. राखायला ना पोळं असतं, ना पिल्लं. म्हणून छेडलं नाही तर त्या सहसा डंख मारत नाहीत. आग्या माश्यांपासून मात्र नेहमीच लांब राहावं.

नवी राणी बंड करून बाहेर पडते, हाही गैरसमजच. पहिल्या थव्याबरोबर जाते ती जुनी राणी, आणि तेही तिच्या हुकमाने ठरत नाही. फुलोरा भरात आला की घरात दाटी होते, राणीचा गंध सगळ्यांपर्यंत पुरेसा पोहोचत नाही. मग कामकरी माश्या पोळ्याच्या कडेला राणीसाठी मोठ्या कोठ्या बांधतात. जुन्या राणीला खाणं कमी मिळतं, तिची अंडी घटतात आणि ती उडण्याइतकी हलकी होते. कोठ्यांची तोंडं बंद झाली की निम्म्या किंवा त्याहून जास्त माश्या तिला घेऊन निघतात.

नव्या घराची वाटही राणी दाखवत नाही. १९४९ मध्ये म्युनिकला मधमाश्यांचे अभ्यासक मार्टिन लिंडाउअर यांना थव्यावर नाचणाऱ्या काही माश्यांच्या अंगावर काजळी आणि विटांची धूळ दिसली. पराग नव्हता, म्हणजे त्या फुलांवरून आलेल्या नव्हत्या. त्या धुराडी आणि भिंतींतल्या पोकळ्या पाहून आल्या होत्या! प्रत्येक शोधक माशी आपली जागा नाचून सांगते. जागा जितकी चांगली, तितका नाच लांबतो, तितक्या जास्त माश्या ती पाहून येतात. एका जागी पुरेशा शोधक जमल्या की थवा उठतो. मला हे निसर्गातलं सर्वांत देखणं सामूहिक निर्णयाचं उदाहरण वाटतं.

पाळलेल्या माश्यांची पेटी पूर्ण रिकामी झाली, तर मात्र ती वसाहत फुटलेली नसते. उपासमार, मेणकिडा किंवा मुंग्यांना कंटाळून सगळ्याच माश्या घर सोडून गेलेल्या असतात.

फांदीवरचा थवा बहुधा काही तासांत, फार तर काही दिवसांत निघून जातो. तोवर मुलांना लांब ठेवा आणि जवळच्या मधपाळाला कळवा. जाळू नका, औषध फवारू नका.