जोहार ते जयभीम

माणसाची ओळख त्याच्या स्वभावाने आणि कर्तृत्वाने जितकी घडते, तितकीच ती त्याच्या समूहाकडे इतर लोक ज्या नजरेने पाहतात त्या नजरेनेही ठरत असते. हेन्री ताजफेल आणि जॉन टर्नर या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडलेल्या सामाजिक ओळखीच्या सिद्धान्तानुसार, हीन लेखल्या गेलेल्या समूहातील व्यक्ती एकटीच समूहाबाहेर निसटू पाहते, वरचढ समूहाशी थेट टक्कर घेते किंवा ज्या मापाने आपल्याला मोजले जाते ते मापच नाकारते.

जातीच्या बाबतीत यांपैकी पहिली वाट किती फसवी असते, हे बडोद्यातील प्रसंगावरून दिसते. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ मध्ये संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्यांना एका पारशी वसतिगृहात पारशी नाव धारण करून राहावे लागले, आणि ते अस्पृश्य मानल्या जाणाऱ्या जातीतले आहेत हे कळताच अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला. पदवी, हुद्दा, पोशाख, यांपैकी काहीही कामी आले नाही.

म्हणूनच १९३५ मधील येवल्याच्या धर्मांतराच्या घोषणेपासून १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या बौद्ध धम्मदीक्षेपर्यंतचा प्रवास हा वैयक्तिक सुटकेचा नव्हता; अख्ख्या समूहाने श्रेष्ठ-कनिष्ठतेचे जुने मापच टाकून देण्याचा तो प्रयत्न होता. १९५१ च्या जनगणनेत देशात जेमतेम पावणेदोन-दोन लाख असलेली बौद्धांची नोंद १९६१ मध्ये सुमारे साडेबत्तीस लाखांवर गेली आणि त्यांतील बहुसंख्य महाराष्ट्रातील होते. आकड्यांहून बोलका बदल अभिवादनातला होता: वरिष्ठ जातीच्या माणसापुढे वाकून करायच्या ‘जोहार मायबाप’ची जागा दीक्षेच्या आधीपासूनच रुळू लागलेल्या, बरोबरीच्या नात्याने उच्चारायच्या ‘जयभीम’ने घेतली.

मात्र स्वतःची ओळख स्वतः ठरवली, तरी तिला मान्यता देणे दुसऱ्याच्या हातात राहते. अनुसूचित जातींचा दर्जा १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने सुरुवातीला मुख्यतः हिंदूंपुरता ठेवल्यामुळे, धर्मांतरित बौद्धांना केंद्राच्या सवलतींसाठी १९९० च्या दुरुस्तीपर्यंत थांबावे लागले, जणू धर्म बदलताच अस्पृश्यतेचे चटकेही थांबले होते. आजही त्या सवलतींसाठी बौद्ध उमेदवाराला जातीचा दाखला काढावा लागतो, आणि आजोबांनी दीक्षाभूमीवर सोडलेली जात नातवाला त्या कागदासाठी पुराव्यांनिशी सिद्ध करावी लागते.