अठ्ठाविसावा दिवस चुकवू नका : लवकर वयात येणारी मुलं आणि औषधाच्या वेळा

दुसरीतली सात वर्षांची मुलगी. आंघोळ घालताना आईच्या हाताला तिच्या छातीत सुपारीएवढी गाठ लागते, तीही एकाच बाजूला. आई हादरते. मनात पहिला विचार कॅन्सरचा येतो. डॉक्टर तपासतात आणि सांगतात, हा कॅन्सर नाही, मुलगी वयात येऊ लागली आहे. हाताच्या पंजाचा एक्स-रे निघतो. वय सात, पण हाडं दहा वर्षांच्या मुलीइतकी पुढे गेलेली. रक्ततपासणी होते, सोनोग्राफी होते, गरज असेल तर मेंदूचा एमआरआय होतो आणि इंजेक्शन सुरू करायचं ठरतं. दर २८ दिवसांनी एक, तेही काही वर्षं.

खरी परीक्षा इथून पुढे असते. पहिली दोन-तीन इंजेक्शनं वेळेवर होतात. मग गणपतीला गावी जायचं असतं, सहामाही परीक्षा येते, एखादी आत्या म्हणते, ‘लहान पोरीला कसले हार्मोन देता?’ तारीख पुढे ढकलली जाते आणि हळूहळू उपचारच ढिले पडतात. यात आईबापांचा निष्काळजीपणा क्वचित असतो. बहुतेक वेळा मागे एखादा गैरसमज असतो. घराघरांत ऐकू येणारे असे काही गैरसमज इथे एकेक करून तपासू.

गैरसमज : आजकालची मुलं लवकरच शहाणी होतात. त्यात औषध कशाला?

वस्तुस्थिती : मुलींमध्ये ८ वर्षांच्या आत आणि मुलांमध्ये ९ वर्षांच्या आत वयात येण्याची लक्षणं दिसली, तर वैद्यकशास्त्र त्याला अकाली मानतं. मुलींमध्ये पहिलं लक्षण बहुधा छातीची वाढ हे असतं आणि त्यानंतर साधारण दोन-अडीच वर्षांत पाळी येते. म्हणजे सहाव्या वर्षी सुरुवात झाली, तर आठ-साडेआठ वर्षांच्या मुलीला शाळेच्या दप्तरात पॅड ठेवावं लागेल. शरीर पुढे जातं, मन मात्र अजून भातुकलीत असतं. दुसरा प्रश्न उंचीचा. या मुली आधी वर्गात सगळ्यांत उंच दिसतात, पण हाडांची टोकं लवकर जुळतात आणि वाढ लवकर थांबते. आज रांगेत मागे उभी असलेली मुलगी मोठेपणी मैत्रिणींपेक्षा बुटकी राहू शकते.

मुलग्यांच्या बाबतीत घरचे बरेचदा खूशच असतात. पोरगा उंच झाला, आवाज फुटला! पण मुलग्यांमध्ये लवकर वयात येण्यामागे मेंदूतलं किंवा इतर एखादं कारण सापडण्याची शक्यता मुलींपेक्षा बरीच जास्त असते. त्यांची तपासणी अजिबात लांबवू नये.

गैरसमज : ज्याला लवकर लक्षणं दिसली, त्या प्रत्येकाला हेच इंजेक्शन लागतं.

वस्तुस्थिती : नाही. काही लहान मुलींमध्ये फक्त छातीची थोडी वाढ होते, ती तिथेच थांबते, उंची आणि हाडांचं वय पुढे पळत नाही. अशा मुलींना फक्त ठरावीक काळाने तपासून पाहावं लागतं. कुणाच्या थायरॉइडमध्ये दोष असतो, तिथे थायरॉइडची गोळी लागते. काही मुलांना अधिवृक्क ग्रंथीचा जन्मजात विकार असतो, डॉक्टर त्याला सीएएच म्हणतात. त्यांचं औषध म्हणजे हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या, दिवसातून दोन-तीनदा, रोज. या गोळ्या चुकल्या की पुरुषी हार्मोन वाढतात आणि मूल त्यामुळेच लवकर वयात येऊ लागतं. शिवाय या गोळ्या अचानक बंद करणं जिवावर बेतू शकतं. तापात तर डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे मात्रा वाढवावी लागते आणि उलट्यांमुळे गोळी पोटात ठरत नसेल, तर थेट रुग्णालय गाठावं लागतं. म्हणून आपल्या मुलाचा नेमका आजार कोणता आणि औषध कोणतं, हे आईवडिलांना पाठ हवं. शेजारणीच्या मुलीचं औषध थांबलं म्हणून आपल्या मुलीचं थांबवायचं नसतं.

गैरसमज : हे तर कॅन्सरचं औषध. लहान मुलांना कसं देता?

वस्तुस्थिती : खोक्यातला कागद उलगडला की त्यावर प्रोस्टेटच्या कॅन्सरचा उल्लेख दिसतो आणि कुणाच्याही पोटात गोळा येतो. ल्युप्रोलाइड आणि ट्रिप्टोरेलिन ही औषधं त्या आजारात वापरतात, हे खरं आहे. पण ती कॅन्सरच्या पेशी मारणारी केमोथेरपी नव्हेत. प्रोस्टेटचा कॅन्सर पुरुषी हार्मोनवर पोसला जातो. हे औषध तो हार्मोन बनवण्याचा मेंदूकडून येणारा हुकूम थांबवतं. लहान मुलांतही नेमका तोच हुकूम थांबवायचा असतो. ‘पोरीला हार्मोन देतात’ ही समजूत म्हणूनच उलटी आहे. या औषधाने शरीरातले लैंगिक हार्मोन वाढत नाहीत, ते लहान मुलांच्या पातळीवर परत येतात. अकाली वयात येणाऱ्या मुलांवर या गटातल्या औषधांचा वापर १९८१पासून होत आला आहे.

गैरसमज : आठ-पंधरा दिवस इकडेतिकडे झाले तर काय बिघडतं?

वस्तुस्थिती : हा सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज आहे. त्यासाठी हे औषध चालतं कसं, ते समजून घ्यावं लागेल. मेंदूतला हायपोथॅलॅमस ‘जीएनआरएच’ नावाचा हार्मोन त्याच्या खालच्या पीयूषिका ग्रंथीला पाठवतो. तो सलग वाहत नाही, साधारण तास-दीड तासाच्या अंतराने थोडाथोडा सुटतो. अँड्र्यू शॅली आणि रॉजर गिलेमिन यांच्या प्रयोगशाळांनी १९७१मध्ये त्याची रचना उलगडली आणि १९७७मध्ये त्यांना नोबेल मिळालं. १९७८मध्ये माकडांवरच्या प्रयोगांत एक विलक्षण गोष्ट दिसली. हाच हार्मोन थांबून थांबून दिला की पीयूषिका काम करते, सलग देत राहिलं की ती गप्प होते. दारावर अधूनमधून टकटक झाली तर आपण दार उघडतो, पण कुणी दिवसभर दार बडवत राहिलं तर तिकडे लक्ष देणंच सोडतो, तसंच हे.

इंजेक्शन नेमकं तेच करतं. स्नायूत गेलेले औषधाचे बारीक कण चार आठवडे हळूहळू विरघळतात आणि पीयूषिकेला सतत टकटक ऐकू येत राहते. औषध संपत आलं आणि पुढचं मिळालं नाही, की ग्रंथी पुन्हा जागी होऊ शकते. छाती पुन्हा वाढू लागते, पाळी येऊ शकते, हाडांचं वय पुढे सरकतं आणि जपलेली उंची हातची जाऊ शकते. एखाद-दुसऱ्या दिवसाने आभाळ कोसळत नाही. पण दर वेळी आठवडाभर उशीर होत असेल, तर महागडं औषध घेऊनही मुलाला त्याचा पुरता लाभ मिळत नाही.

इथे एक साधा हिशेब आहे. ‘महिन्याला एक’ म्हणून दर ५ तारखेला इंजेक्शन घेतलं, तर वर्षात १२ होतात. दर २८ दिवसांनी घेतलं तर १३ होतात. म्हणून तारीख नको, वार धरा. आज शनिवारी घेतलं, तर पुढचं बरोबर चार आठवड्यांनंतरच्या शनिवारी. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर वर्षभराचे तेरा शनिवार आजच लाल पेनाने गोल करून ठेवा. सणवार, लग्नं आणि परीक्षा आपोआप त्यांच्या शेजारी दिसतील. गावी जायचं असेल, तर काय करायचं ते डॉक्टरांना आधीच विचारता येईल. तीन महिन्यांचंही इंजेक्शन असतं. वारंवार येणं जमत नसेल, तर त्याबद्दल जरूर विचारा.

गैरसमज : इंजेक्शननंतर रक्त दिसलं, म्हणजे औषध उलटलं.

वस्तुस्थिती : पीयूषिका गप्प होण्याआधी काही दिवस उलट जास्त जागी होते. त्यामुळे पहिल्या इंजेक्शननंतरच्या आठवड्यांत काही मुलींना थोडा रक्तस्राव होऊ शकतो. याच क्षणी घाबरून अनेक जण दुसरं इंजेक्शन टाळतात. दुसरं वेळेवर द्यायचंच असतं. रक्तस्राव दोन महिन्यांनंतरही चालू राहिला, तर मात्र डॉक्टरांना कळवा. टोचलेल्या जागी दुखणं, लाली, अधूनमधून डोकं दुखणं हे त्रास होऊ शकतात. डोकेदुखी जोराची असेल, सोबत उलट्या होत असतील किंवा धूसर दिसत असेल, तर त्याच दिवशी दाखवा.

गैरसमज : औषधाने उंची खुंटली.

वस्तुस्थिती : उपचार सुरू झाले की उंचीचा वेग कमी होतो, हे खरं. आधी ती अकाली हार्मोनच्या जोरावर पळत होती, आता वयाला शोभेल अशी वाढते. त्याच वेळी हाडांची टोकं जुळण्याची घाई थांबते, म्हणून वाढायला जास्त वर्षं मिळतात. उंचीचा सर्वाधिक लाभ सहा वर्षांच्या आत सुरुवात झालेल्या मुलींना होतो. आठ वर्षांच्या जवळ आलेल्या मुलींत तो कमी असू शकतो आणि म्हणूनच उपचार करायचे की नाही, हे डॉक्टर प्रत्येकीचं पाहून ठरवतात.

गैरसमज : पुढे मूल होणार नाही, हाडं ठिसूळ होतील.

वस्तुस्थिती : औषध थांबवल्यावर पीयूषिका पुन्हा कामाला लागते. साधारण वर्ष-दीड वर्षात पाळी सुरू होते. कुणाला थोडी आधी येते, कुणाला उशिरा. लहानपणी हे उपचार घेतलेल्या बायका पुढे आई झाल्याची नोंद आहे. उपचारादरम्यान हाडांची घनता थोडी मागे पडू शकते, पण औषध थांबल्यावर ती भरून निघते. दूध, नाचणी, ऊन आणि मैदानावरचा खेळ तेवढा सोडू नका.

गैरसमज : छातीची वाढ थांबली, आता बंद केलं तरी चालेल.

वस्तुस्थिती : वाढ थांबली आहे ती औषधामुळे. कधी थांबायचं, हे मुलीचं वय, हाडांचं वय, उंची आणि तिची मानसिक तयारी पाहून ठरतं. बहुतेक मुलींमध्ये ती वेळ अकरा वर्षांच्या आसपास येते. पैशांची अडचण असेल, तर गुपचूप एक इंजेक्शन गाळू नका. एका इंजेक्शनला काही हजार रुपये लागतात, ही ओढाताण डॉक्टरांना ठाऊक असते. सरकारी आणि पालिका रुग्णालयांत वैद्यकीय समाजसेवकही असतात. मोकळेपणाने सांगा.

गैरसमज : मुलीला काही सांगू नका, घाबरेल.

वस्तुस्थिती : मूल घाबरतं ते न सांगितल्यामुळे. दर चार आठवड्यांनी आपल्याला का टोचतात, हे ठाऊक नसलेली मुलगी दवाखान्याच्या पायरीवर हात सोडवून घेते आणि मग आईचाच धीर सुटतो. ‘तुझं शरीर जरा घाईत आहे, आपण त्याला थोडं थांबायला सांगतोय’ एवढं सात वर्षांच्या मुलीला कळतं. वडिलांनाही सगळं कळू द्या. ही काही फक्त बायकांची गोष्ट नाही. दोघांना तारीख माहीत असली, की एकजण आजारी पडला तरी इंजेक्शन चुकत नाही.

शेवटची एक काळजी दवाखान्यातली. हे औषध पावडर आणि द्रव वेगवेगळे असं येतं. मिसळलं की दुधाळ होतं आणि ठेवून दिलं तर कण खाली बसतात. म्हणून ते मिसळल्याबरोबर, पूर्ण आणि सवयीच्या हातानेच दिलं गेलं पाहिजे. घरी न्यायचं असेल, तर खोक्यावर लिहिलेल्या तापमानाला ठेवा.

आईबाबांनो, हा रस्ता दोन-चार वर्षांचा आहे. एवढी वर्षं जपलीत, तर मुलीला तिचं बालपण पुरतं मिळेल आणि पुढची वाढ वयाप्रमाणे होईल. मनात शंका आली तर ती डॉक्टरांपुढे मांडा, शेजारीपाजारी विचारून औषध थांबवू नका. आणि आज रात्री जेवण झालं की कॅलेंडर खाली काढा, पुढचा वार गोल करा.