चरबी उंचीत जिरत नाही

‘आत्ता अंगावर दिसतंय ते पुढे उंचीत जाईल.’ दक्षिण कोरियात नातवाला आग्रहाने जेवू घालणारी आजी हमखास असं म्हणते. माझ्या मते सर्वांत जास्त नुकसान याच समजाने होतं. लठ्ठ मूल वर्गात उंच दिसतं, हे खरं. पण जादा चरबीमुळे मुलं, विशेषतः मुली, लवकर वयात येतात. हाडांच्या टोकांची वाढ लवकर थांबते. उंची खुंटते, चरबी राहते.

दुसरा समज, मूल खेळतंय, काही दुखत-खुपत नाही, म्हणजे ठणठणीत. पण मेटाबॉलिक सिंड्रोममध्ये, म्हणजे पोटावरची चरबी, रक्तदाब, साखर आणि रक्तातली चरबी एकत्र बिघडतात तेव्हा, दुखत काहीच नाही. त्यासाठीचे आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाचे २००७ चे निकष पाहा. वय १० ते १५, पोटाचा घेर त्या वयाच्या शंभरातल्या नव्वद मुलांहून जास्त, आणि शिवाय यांतले कोणतेही दोन बिघाड: ट्रायग्लिसराइड १५० किंवा अधिक, चांगलं कोलेस्टेरॉल (एचडीएल) ४० च्या खाली, रक्तदाब १३०/८५ किंवा वर, उपाशीपोटी साखर १०० किंवा अधिक. बाहेरून दिसलीच तर मानेमागची काळपट, जाडसर त्वचा दिसते. मळ समजून ती घासली जाते. प्रत्यक्षात शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झाल्याची ती खूण असते. अशा वेळी साबण नको, रक्ततपासणी हवी.

दोष फक्त तळलेल्या चिकनचा, हेही अर्धसत्य. भात, नूडल्स, गोड पेयं यांतली जादा साखर यकृतात चरबी बनते. ट्रायग्लिसराइड चढतं, एचडीएल उतरतं. पण म्हणून उपाशी ठेवणं हा इलाज नव्हे. वाढत्या मुलाचं वजन आहे तिथे रोखलं तरी बऱ्याचदा पुरतं.

आणि ‘पोरगं आळशी आहे’ हा आरोप तर अन्यायच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १४६ देशांची २०१६ ची आकडेवारी तपासली, तेव्हा ११ ते १७ वयाच्या कोरियन मुलांपैकी ९४ टक्के पुरेशी हालचाल करत नव्हती. मुलींमध्ये ९७ टक्के. हे प्रमाण सर्व देशांत सर्वाधिक होतं. इतकी मुलं एकाच वेळी आळशी कशी असतील? शाळा सुटली की क्लास, मधे दुकानात उभ्या-उभ्या कपातलं रामेन आणि गोड पेय, की पुन्हा क्लास. सोलमध्ये खासगी क्लास रात्री दहापर्यंत चालवायची मुभा आहे.