कुणीच नाही म्हटलं नव्हतं

२०१६ च्या पावसाळ्यातली गोष्ट. मी तेव्हा एका मोठ्या रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक होते. एके दुपारी एक बाई टेबलापाशी आल्या. प्लास्टिकच्या पिशवीतलं केशरी रेशनकार्ड काढून त्यांनी माझ्यापुढे उघडलं. घडीवर झिजून त्याचे तुकडे व्हायच्या बेतात होते, म्हणून मधोमध चिकटपट्टी लावलेली. त्यांची बावीस वर्षांची सून वॉर्डात होती. हृदयाची झडप आकसलेली. चार पावलं चालली तरी धाप लागायची, आणि रात्री आडवं होता येत नव्हतं, म्हणून ती उशा रचून बसल्या बसल्याच झोपायची.

कार्डावर सात नावं होती. सुनेचं नव्हतं. लग्नानंतर माहेरच्या कार्डातून नाव कमी झालं होतं, सासरच्या कार्डावर चढलं नव्हतं. तेव्हाच्या राजीव गांधी जीवनदायी योजनेत हे ऑपरेशन बसत होतं, दीड लाखापर्यंतचा खर्च सरकार उचलणार होतं. पण कार्डावर नाव हवं.

"मॅडम, सून हाय माझी," बाई म्हणाल्या. "कारडात नाही म्हणून ती नाहीच का?"

नाव चढायला एकोणीस दिवस गेले. दीर एसटीने गावी गेला, नाव कमी केल्याचा दाखला सापडेना म्हणून माहेरी गेला, मग तहसील कचेरीत. तिथे एकदा साहेब दौऱ्यावर, एकदा सर्व्हर बंद. सासूबाईंची रोजंदारी बुडाली, गळ्यातलं डोरलं गहाण पडलं. शेवटी मंजुरी आली, ऑपरेशन झालं, पोरगी वाचली. पण ते दिवस माझ्या मनातून जात नाहीत. कारण या सगळ्यात तिला कुणीच 'नाही' म्हटलं नव्हतं. डॉक्टर तयार होते. योजनेच्या खिडकीतला आरोग्यमित्र तयार होता. कचेरीतला कारकूनसुद्धा "कागद आणा, लगेच करतो" म्हणत होता. मीही तेच म्हणत होते.

योजना आणि हक्क यांतला फरक मला तिथे कळला. योजनेत आपण पात्र आहोत, हे पेशंटने सिद्ध करायचं असतं. हक्क असेल तर उपचार का झाले नाहीत, याचं उत्तर सरकारने द्यायचं असतं. धावपळ कुणी करायची, एवढाच हा प्रश्न आहे. पण आजारी माणसाच्या घरात तोच सगळ्यात मोठा असतो.

आपल्या राज्यघटनेत आरोग्याच्या हक्काचं स्वतंत्र कलम नाही. कलम ४७ सांगतं की सार्वजनिक आरोग्य सुधारणं हे राज्याचं कर्तव्य आहे. पण ते मार्गदर्शक तत्त्व. त्याच्या आधारे थेट न्यायालयात दाद मागता येत नाही. दार उघडलं ते कलम २१ ने, म्हणजे जगण्याच्या हक्काने. अपघातातल्या जखमीला पोलिसांच्या कागदांसाठी ताटकळत ठेवू नका, आधी जीव वाचवा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात सरकारी आणि खासगी अशा सगळ्याच डॉक्टरांना बजावलं. १९९२ मध्ये पश्चिम बंगालमधले हकीम शेख रेल्वेतून पडले, डोक्याला जबर मार लागला. एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही, सोय नाही म्हणून त्यांना परत पाठवलं. शेवटी खासगी रुग्णालयात सुमारे १७,००० रुपये मोजावे लागले. १९९६ मध्ये न्यायालयाने त्यांना २५,००० रुपये भरपाई दिली आणि पैसा नाही ही सबब सरकारला सांगता येणार नाही, असं ठणकावलं.

हकीम शेख यांना 'नाही' म्हणणारी रुग्णालयं होती, म्हणून न्यायालयाला त्यांना जाब विचारता आला. माझ्या पेशंटने कुणावर बोट ठेवायचं होतं?

२०१६ नंतर बरंच सुधारलं, हे मनापासून सांगते. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून उपचार मोफत झाले. जीवनदायीची आज महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली आहे. २०२४ पासून पांढऱ्या कार्डाचं कुटुंबही तिच्यात आलं आणि मर्यादा ५ लाखांवर गेली. पण अशा योजनेचा भर रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांवर असतो. त्या मुलीचा आजार मात्र रुग्णालयात सुरू झाला नव्हता. लहानपणी घसा सुजला, ताप आला, सांधे दुखले. याला ऱ्हुमॅटिक फीवर म्हणतात. घशातल्या जंतूंशी लढता लढता शरीर स्वतःच्याच हृदयाच्या झडपांवर उलटतं. वेळेत ओळखून दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन दिलं, तर पुढचं नुकसान बहुतेक वेळा टळतं. हे इंजेक्शन स्वस्त आहे. ते गावाजवळच्या आरोग्य केंद्रात वर्षानुवर्षं न चुकता मिळायला हवं. ते मिळालं नाही, म्हणून आपण दीड लाखाच्या ऑपरेशनपर्यंत आलो.

राजस्थानने २०२३ मध्ये आरोग्य हक्काचा कायदा केला. आगाऊ पैसे न मागता तातडीचे उपचार द्यायचे, हा त्यातला गाभा. खासगी डॉक्टर रस्त्यावर उतरले. बिल कोण भरणार आणि कधी, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. हक्क सरकारने द्यायचा आणि खर्च एखाद्या छोट्या नर्सिंग होमने सोसायचा, हे चालणार नाही. हक्काचा हा विचार नवा नाही. पैसा नसल्यामुळे कुणी उपचारांना मुकू नये, असं देशाच्या आरोग्यसेवेचा आढावा घेणाऱ्या भोर समितीने १९४६ मध्येच लिहून ठेवलं होतं. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारी खर्च २०२५ पर्यंत देशाच्या एकूण उत्पन्नाच्या २.५ टक्के करायचं ठरवलं. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता, आणि आरोग्यावरच्या एकूण खर्चातले सुमारे ३९ टक्के लोक स्वतःच्या खिशातून भरत होते.

तीन महिन्यांनी सासू-सून तपासणीला आल्या. सासूबाईंनी तेच कार्ड उघडलं आणि आठव्या नावावर बोट ठेवलं. निळ्या शाईत, ताज्या अक्षरात सुनेचं नाव होतं. त्या खुशीत होत्या, मीही होते. मग सुनेने पर्समधून गोळ्यांची पट्टी काढली. धातूची झडप बसवली की रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते, आणि ती किती घ्यायची, हे ठरवायला वरचेवर रक्त तपासावं लागतं.

"मॅडम, ही गोळी गावात मिळंल का? आन् रक्त तपासायला दर येळी इथवर यावं लागंल?"

मी शहरातल्या दोन दुकानांची नावं चिठ्ठीवर लिहून दिली. तिच्या गावच्या केंद्रात ही गोळी आणि ही तपासणी मिळेल, असं मला म्हणता आलं नाही. ज्या दिवशी माझ्या जागी बसलेली बाई तिला "हो, मिळेल, आणि नाही मिळाली तर अमुक माणसाला जाब विचार" असं सांगू शकेल, त्या दिवशी आरोग्य हा तिचा हक्क झाला असं मी मानेन.